खुजा तारा आणि त्याची पाठराखीण

समोरच्या इमारतीखाली काल मांडव घातला. डोंबिवलीत वैशाख आला की आधी बांबू येतात, मग पांढऱ्या-गुलाबी झालरी, आणि शेवटी टेम्पोतून माणसाच्या उंचीचे स्पीकर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुनं गाव अजून शिल्लक आहे, चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेलं. त्या घरांत लग्नापेक्षा हळद मोठी. संध्याकाळी स्पीकर सुरू झाले की आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं बारीक वाजू लागतात. आई एक हात मांडणीवर ठेवते आणि दुसऱ्या हाताने पोळी उलटते. तक्रार कोणी करत नाही. पुढच्या वर्षी त्यांच्यातलंच कोणीतरी आपल्याला पत्रिका द्यायला येणार असतं.

माझी बॅग कॉटवर उघडी पडली आहे. महिन्याभरात मला बंगळुरूला जायचं आहे, ताऱ्यांचा अभ्यास करायला, निदान पाच वर्षांसाठी. मी आजवर घराबाहेर एकटी राहिलेली नाही. बॅगेत काय भरायचं ते ठरत नाही, म्हणून मी खिडकीत उभी राहून मांडव बघते आहे.

मला लग्नं आवडत नाहीत असा सगळ्यांचा समज आहे. तसं नाही. लग्नात उभं कुठे राहायचं हे मला कळत नाही. लोक हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आपापल्या जागी पोचतात, मी खांब शोधते. एका वैशाखात मात्र माझी जागा ठरलेली होती. नवरीच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, तिची पर्स धरून.

नवरी म्हणजे पूर्वा, माझी मावसबहीण. मावशी याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे पूर्वा आणि मी एकाच जिन्यावर वाढलो. ती माझ्याहून थोडी मोठी आणि बरीच बुटकी. मी सातवीतच तिच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागले होते. बोलायची सगळी कामं तिची. दुकानात सुटे मागणं, रिक्षावाल्याशी भांडणं, माझ्या वर्गातल्या मुलींना माझा निरोप देणं. ती चिडली की लालबुंद व्हायची, जिन्यात आवाज घुमायचा, आणि दहा मिनिटांनी आईस्क्रीमला चल म्हणायची. इमारतीत माझं नाव फार कोणाला माहीत नव्हतं. मी ‘पूर्वाची बहीण’ होते. ते मला सोयीचं होतं.

त्याच उन्हाळ्यात माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू होता. आमच्या मॅडमनी मला एक तारा दिला होता. म्हणजे त्याचे दोन फोटो, काही वर्षांच्या अंतराने काढलेले. तारा रेड ड्वार्फ होता. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे याला मराठीत काय म्हणतात ते मला शोधावं लागलं. लाल खुजा तारा. आकाशात सर्वात जास्त तारे याच जातीचे आहेत आणि नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. लहान, मंद, कमी जळणारे, म्हणून फार काळ टिकणारे. माझा तारा त्यांच्यात अगदी तरुण होता. या वयात ते तापट असतात. मध्येच भडकतात, थोडा वेळ भलतेच उजळतात, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा मंद होतात.

त्याच्यापासून बराच लांब एक फिकट ठिपका होता. तो ग्रह असेल तर गुरूपेक्षा कितीतरी जड. एवढ्याशा ताऱ्याला एवढा मोठा ग्रह शोभत नाही, असं माझं पहिलं मत झालं होतं. ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण नुकताच जन्मलेला मोठा ग्रह गरम असतो. जन्माची ऊब अंगात उरलेली असते आणि मोठ्या दुर्बिणीला ती दिसते. वय वाढतं तसा तो निवत जातो, आणि मग दिसेनासा होतो. असतो, पण दिसत नाही.

अडचण अशी की आकाश सपाट दिसतं. जवळचं आणि लांबचं एकाच पाटीवर. ठिपका ताऱ्याशेजारी आहे म्हणून तो ताऱ्याचा असतोच असं नाही. भलताच लांबचा एखादा तारा नेमका त्याच रेषेत मागे असू शकतो, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं. खरं-खोटं करायचा उपाय एकच. थांबायचं. प्रत्येक तारा आपापल्या दिशेने अतिशय हळू सरकत असतो. काही वर्षांनी पुन्हा फोटो काढायचा. ठिपका ताऱ्याबरोबर सरकला असेल तर तो त्याचा. मागे राहिला असेल तर नुसता शेजारी दिसला होता.

‘‘उत्तर इंटरनेटवर आहे,’’ मॅडम म्हणाल्या होत्या. ‘‘शोधलंस तर मला कळेल. स्वतः काढलंस तर पुढच्या शिक्षणासाठी शिफारस देईन.’’

बरोबर सरकणाऱ्या ठिपक्याचं ऐकून मला मलंगगडाचा डोंगर आठवला होता. लहानपणी कल्याणला मामाकडे जाताना तो रिक्षाबरोबर चालायचा. इमारती मागे पळायच्या, झाडं मागे पळायची, आणि तो मात्र खिडकीत तसाच. पूर्वा म्हणायची, ‘‘तो माझ्याबरोबर येतोय.’’ मी म्हणायचे, माझ्याबरोबर. एकदा हे भांडण इतकं पेटलं की मावशी ओरडली, ‘‘अगं, तो कुणाच्या बापाबरोबर येत नाहीये! डोंगर आहे तो. लांब आहे म्हणून तसं वाटतं.’’ म्हणजे तो दोघींपैकी कुणाबरोबरच येत नव्हता. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

पूर्वाचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनात तेच आलं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. आम्ही दोघी खरंच बरोबर होतो, की एका जिन्यावर राहत होतो म्हणून तसं दिसत होतं? ती निघून गेली की कळणार होतं. मला ते कळायला नको होतं.

निलेश तिला वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात भेटला. त्याचं घर ठाण्याला, कोलशेतला. तिथलंच जुनं आगरी कुटुंब. आजोबांची पिढी मिठागरांवर राबली, आता त्या जमिनीच्या कडेला त्यांची चार मजली इमारत आहे आणि गच्चीवरून खाडी दिसते. आमच्या घरात थोडी कुजबुज झाली, मग पूर्वा एकदा जिन्यात भडकली आणि कुजबुज संपली. निलेशच्या आईने एकच गोष्ट मागितली. ‘‘आमच्यात नवरीसंगं पाठराखीन येते. पाच दिवस. मंग पाचपरतावन करून पोरगी माहेरी न्या.’’ नवरीला नव्या घरात एकटं वाटू नये म्हणून तिच्या माहेरची कोणीतरी सोबत राहते, ती पाठराखीण. आमच्याकडेही ही रीत पूर्वी होती म्हणे, पण आता रजा कोण काढणार? मग सगळ्यांच्या लक्षात आलं की माझं काम लॅपटॉपवर चालतं आणि लॅपटॉप कुठेही उघडतो. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं.

मी माझे दोन फोटो घेऊन कोलशेतला गेले.

पहिल्याच सकाळी गोंधळ झाला. पूर्वा निलेशचा टी-शर्ट घालून स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी पाहुणी, म्हणून आईने दिलेला नवा रेशमी कुडता घालून हॉलमध्ये ताठ बसले होते. शेजारची एक म्हातारी नवरी बघायला आली. थेट माझ्यासमोर येऊन तिने मला हळद-कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

‘‘नवरी बरीक उंच हाय गो!’’ ती आत बघून ओरडली. ‘‘आपला निलेश हिच्या खांद्याला लागंल!’’

मी नाही म्हणायला हवं होतं. मी नारळ धरून बसून राहिले. आतून पूर्वा गाळणं हातात घेऊन आली. मला वाटलं, आता भडकणार. तिने माझ्याकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं आणि हसत खालीच बसली. ‘‘घ्या, आजी, हिलाच ठेवून घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘बोलत नाही, भांडत नाही. मी जाते घरी.’’

‘‘बय गो! ही बारकी नवरी?’’ म्हातारी म्हणाली, आणि नारळ माझ्याकडून निघून पूर्वाच्या ओटीत गेला. कुंकू तेवढं माझ्याच कपाळावर राहिलं.

त्या घरात कोणी एका जागी बसत नसे. सकाळी मासळीवाली, दुपारी आहेर आणणारे, संध्याकाळी निलेशच्या काकांचं सगळं कुटुंब. खाडीकडून वारा सुटला की चिखलाचा आणि मिठाचा वास वर यायचा, आणि त्यात कुठल्यातरी कारखान्याचा औषधी वास मिसळलेला असायचा. मी जेवणाच्या टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसायचे. निलेशची आई, मी तिला काकी म्हणायचे, येता-जाता पडद्यावर डोकवायची.

‘‘काय बघतंस गो दिवसभर? नुसता काला तर दिसतंय.’’

मी तिला ठिपका दाखवला. तारा कुठे, तर मधोमध, पण त्याच्यावर झाकण ठेवलं आहे, नाहीतर त्याच्या उजेडात शेजारचं काही दिसत नाही. ठिपका त्याचा आहे की नाही ते मी शोधते आहे.

‘‘मंग त्यालाच इचार ना,’’ काकी म्हणाली आणि कोळंबी सोलायला बसली.

मी दोन्ही फोटो एकाआड एक दाखवत राहायचे. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा. ठिपका जागचा हलत नव्हता. त्याच्या पलीकडे तीन-चार अगदी फिके ठिपके होते, ते मात्र हलत होते, सगळे एकाच दिशेला, सारखेच. मला वाटलं, बरोबर सरकणारे सापडले. हे ताऱ्याचे सोबती, आणि तो मोठा ठिपका, जो ढिम्म हलत नाही, तो कोणीतरी मागे राहिलेला परका. मी मॅडमना तसं कळवलं. कळवताना मला त्या ठिपक्याबद्दल उगाच वाईट वाटलं.

मॅडमचा मेसेज आला. ‘‘दोन्ही फोटोत तारा कुठे आहे?’’

‘‘मध्यभागी,’’ मी लिहिलं.

‘‘का?’’

त्यापुढे काही नाही. मी त्या एका शब्दाकडे सबंध दुपार बघत होते. पूर्वा दोनदा येऊन गेली. एकदा म्हणाली, ‘‘चल ना गच्चीवर.’’ एकदा नुसतीच माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि गेली. तिलाही त्या घरात अजून जागा सापडली नव्हती, हे मला दिसत होतं. विचारलं मात्र नाही.

शेवटच्या दिवशी जेवताना निलेशच्या धाकट्या बहिणीने, दर्शनाने, मोबाइलवर लग्नाचे फोटो उघडले. नुकतेच आले होते. ती अंगठ्याने भराभर पुढे सरकवत होती. हळद, डोंबिवलीचा मांडव. लग्न, कल्याणचा हॉल. मग कोलशेतचा उंबरठा. फोटोग्राफरने प्रत्येक फोटोत नवरी बरोब्बर मध्ये घेतली होती. मागची माणसं बदलत होती, पडदे बदलत होते, मामा जात होते, काका येत होते. दर्शना एकदम थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे गेली आणि खोखो हसत सुटली.

‘‘ए आई, ही बघ! प्रत्येक फोटोत सेम जागी! कोणीतरी कापून चिकटवल्यासारखी!’’

मी होते. पूर्वाच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, पर्स छातीशी धरून. चेहराही तोच.

‘‘मंग? पाठराखीन हाय ती,’’ काकी म्हणाली. ‘‘खांबावानी उभी ऱ्हायली, बरा झाला.’’

‘‘उभी कुठली?’’ पूर्वा तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाली. ‘‘माझ्यामागे पळून पळून दमली ती. मी स्टेजवर, ही स्टेजवर. मी बाथरूमला, ही बाहेर. फोटोत मी मध्ये आहे म्हणून ही उभी दिसते. हिच्या टाचेला फोड आलेत, विचारा.’’

मी दर्शनाच्या हातातून मोबाइल घेतला. असं मी कधी करत नाही. मी फोटो पुढे केले, मागे केले. हॉलचे खांब सरकत होते, पाहुणे सरकत होते, सगळे आपापल्या ठिकाणी मागे राहत होते.

‘‘ताटावरून उठू नये गो,’’ काकी म्हणाली, पण तोपर्यंत मी लॅपटॉपपाशी पोचले होते.

तारा मध्यभागी होता, कारण फोटो त्याला मध्ये धरून कापले होते. तारा सरकला होता, आणि फोटोची चौकट त्याच्याबरोबर सरकली होती. जे ठिपके एका दिशेला जाताना दिसत होते ते जागेवरच थांबले होते, तारा त्यांना सोडून पुढे गेला होता. आणि तो मोठा ठिपका, जो ढिम्म होता, तो सगळा वेळ बरोबर चालत होता.

मी मॅडमना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, ‘‘हो.’’ आणि मग, ‘‘आता हात धुऊन मोजमापं कर.’’ त्यांनी ते सहज लिहिलं असणार, पण माझे हात खरोखरच कोळंबीच्या कालवणाने माखलेले होते.

पूर्वा खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ‘‘म्हणजे तो त्याचाच?’’

‘‘हो.’’

‘‘एक फेरी मारायला किती दिवस लागतात त्याला?’’

‘‘शेकडो वर्षं. कदाचित हजारो.’’

‘‘एवढा लांब? मग भेटतच नाहीत!’’

‘‘नाही. अंतर ठेवून असतात.’’

‘‘तुझ्यासारखे,’’ ती म्हणाली, आणि माझ्या वेणीला हिसका देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंबिवलीला परतलो. पाचपरतावण झालं, ओटी भरली, जेवणं झाली. संध्याकाळी निलेश गाडी घेऊन आला. या वेळी पूर्वा एकटी जाणार होती. गाडी निघता निघता माझ्या लक्षात आलं की पर्स माझ्याच खांद्यावर आहे. मी धावत जाऊन खिडकीतून दिली. ती फोनवर बोलत होती. तिने हात बाहेर काढला, पर्स घेतली आणि बोलत राहिली. गाडी कोपऱ्यावरून वळली.

त्यानंतरच्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. मी फोन केला नाही, कारण तिला वेळ नसेल. तिने केला नाही, कारण मी फोनवर बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. माझा निकाल लागला तेव्हा मोबाइलवर तिचा अंगठा आला, तिला मुलगी झाली तेव्हा माझा गेला. सणाला ती मावशीकडे यायची, पण आता तिच्याभोवती माणसं असायची आणि मी तिसऱ्या मजल्यावरून आवाज ऐकायचे. कोलशेत काही लांब नाही. मी एकदाही गेले नाही. ऊब निवत जाते आणि मग दुर्बिणीलाही दिसत नाही, हे मी प्रबंधात लिहिलं होतं, आकृतीसकट. तिथे ते वाक्य मला अजिबात त्रासाचं वाटलं नव्हतं.

आम्ही खरंच बरोबर होतो याचा पुरावा म्हणून मी कोलशेतच्या पाच दिवसांकडे स्वतःशी पुष्कळदा बोट दाखवलं आहे. पण एका फोटोवरून काही ठरत नाही, हे मला शिकवलेलं आहे.

गेल्या रविवारी पूर्वा मुलीला घेऊन मावशीकडे आली होती. दुपारी जिन्यावर तिची पावलं ऐकली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा वर आली. दारात उभी राहून तिने कॉटवरची उघडी बॅग बघितली, तिच्यातलं रिकामेपण बघितलं, मग मला.

‘‘हे काय भरलंयस? तीन पुस्तकं आणि एक टॉवेल?’’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘बघ ना तू तरी. दुकानात सुटे मागत नाही ही, तिकडे एकटी कशी राहणार? मला तर झोप नाही.’’

‘‘एकटी कुठे? मी चाललेय ना,’’ पूर्वा म्हणाली. ‘‘पाच दिवस. पाठराखीण म्हणून.’’

मी म्हटलं, ‘‘माझं लग्न नाहीये.’’

‘‘घर सोडतेयस ना? मग झालं.’’

‘‘तिकडे माझ्या हॉस्टेलमध्ये पाहुणे राहू देत नाहीत.’’

‘‘जवळ लॉज असेल. रूमवर सामान लावून देईन, मेसवाल्याशी भांडून देईन, तुझ्या त्या नव्या सरांना तुझं नाव सांगून देईन. तू सांगणार आहेस का? नाही ना?’’

‘‘आणि बाळाला कोण बघेल?’’

‘‘कोलशेतला आईंना विचारून आलेय. त्या म्हणाल्या, पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल, तू जा तिच्यासंगं. आपल्याकडे पाच दिवस येऊन ऱ्हायली ना ती.’’ बोलता बोलता तिने बॅगेतली पुस्तकं एका कडेला सरकवली. ‘‘सुकट पण देणार आहेत तुला. नको म्हणू नकोस, मी एकदा म्हणून बघितलंय.’’

बॅगेतला टॉवेल मी घडी करून पुन्हा तिथेच ठेवला. पूर्वाने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही, तिने कधीच बघितलेली नाही. ‘‘चल,’’ ती म्हणाली, ‘‘बाजारात जाऊ. कुलूप, बादली, उशीचे अभ्रे. यादी मी करते, तू पैसे दे.’’

मुलगी खाली मावशीपाशी झोपली होती. आम्ही जिना उतरलो. समोर टेम्पोतून मांडवाचे बांबू उतरवत होते, रस्ता अर्धा अडला होता आणि एकजण झालर कुठे संपते ते शोधत होता. फाटकाशी आल्यावर पूर्वाने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला.

‘‘पर्स दे इकडे.’’

मी माझी पर्स दिली. तिने ती खांद्याला अडकवली आणि माझ्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे, चालू लागली. तिचे पाय आखूड, माझ्या एका पावलाला तिची दोन. मागून तिची चप्पल घाईघाईने वाजत होती. मी थोडी हळू चालू लागले.